नेरूळमधली न झालेली मॅच

२ नोव्हेंबर २०२५ची संध्याकाळ नेरूळकर विसरणं शक्यच नाही. हार्बर लाइनच्या प्रत्येक लोकलमधून निळ्या जर्सी उतरत होत्या. गालावर तिरंगे, हातात पुंग्या, एका आजींच्या डोक्यावर चक्क निळा विग! दुपारी पाऊस आला, मॅच दोन तास उशिरा सुरू झाली, तरी एलपी ब्रिजपासून स्टेडियमच्या गेटपर्यंतची गर्दी काही हटली नाही. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मध्यरात्रीनंतर हरमनप्रीत कौरने उलट धावत तो शेवटचा कॅच घेतला, भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ रन्सनी हरवलं आणि भारतीय मुलींनी पहिल्यांदा क्रिकेटचा वर्ल्ड कप उचलला. आमच्या सोसायटीत रात्री साडेबाराला फटाके वाजले आणि दुसऱ्या दिवशी सोमवार असूनही कुणी कुरकुर केली नाही. नवी मुंबईत हे मोठंच म्हणायचं.

मीही ओरडून घसा बसवून घेतला होता. पण खरं सांगायचं तर त्या गर्दीत मला मधेच दुसरीच एक संध्याकाळ आठवली. याच मैदानातली. तेव्हाही निळ्या जर्सीतल्या भारतीय मुलीच इथे खेळायला आल्या होत्या. तेव्हाही आशियातली सर्वात मोठी स्पर्धा होती, तेव्हाही वर्ल्ड कपचं स्वप्न होतं. फरक एवढाच की खेळ फुटबॉलचा होता, स्टँड रिकामे होते आणि ज्या मॅचची सगळे वाट बघत होते ती झालीच नाही.

तुम्ही म्हणाल, कसली मॅच? कधी? हाच तर प्रॉब्लेम आहे.

गच्चीवरून दिसणारे दिवे

जानेवारी २०२२. कोरोनाची तिसरी लाट, ओमायक्रॉनची. महापे-ऐरोलीतली आपली ऑफिसं पुन्हा बेडरूममध्ये शिफ्ट झाली होती, वरती फॉर्मल शर्ट आणि खाली बर्म्युडा हा ड्रेस कोड होता. त्या दिवसांत एएफसी महिला आशियाई कप भारतात आला. तीन मैदानं, तिन्ही महाराष्ट्रातली: नेरूळचं डी. वाय. पाटील, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना आणि पुण्याचं बालेवाडी. आशियातले १२ संघ. ऑस्ट्रेलियाची सॅम कर, जपान, चीन, कोरिया, सगळी तालेवार मंडळी इथे आपल्या शेजारी, पण बायो-बबलमध्ये बंद. प्रेक्षकांना प्रवेश नाही. अंधेरीत ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८-० असं धुतलं, त्यात सॅम करचे पाच गोल होते. ते प्रत्यक्ष बघायचं भाग्य मुंबईकरांच्या नशिबी नव्हतं.

भारताची पहिली मॅच २० जानेवारीला, गुरुवारी संध्याकाळी, डी. वाय. पाटीलवर. समोर इराण, ज्यांची ही पहिलीच आशियाई स्पर्धा होती. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून स्टेडियमचे फ्लडलाइट्स दिसतात. आयपीएल असलं की दिव्यांबरोबर आवाजही येतो, सिक्स बसली की टीव्हीवर दिसायच्या आधी आम्हाला कळतं. त्या दिवशी नुसते दिवे. आवाज शून्य. मॅच ०-०. भारताने चान्स तयार केले, पण बॉल काही जाळ्यात गेला नाही. घरच्या मैदानावर जिंकण्याजोगी मॅच हातातून गेली म्हणून थोडी हळहळ झाली. तरी एक पॉइंट होता, आणि पुढची चायनीज तैपेईविरुद्धची मॅच जिंकली की क्वार्टर फायनलचा रस्ता बराचसा मोकळा होणार होता.

या क्वार्टर फायनलचा फंडा समजून घ्यायला हवा. ही स्पर्धा म्हणजेच २०२३च्या वर्ल्ड कपची आशियाई पात्रता फेरी होती. महिलांचा वर्ल्ड कप ३२ संघांचा झाला होता, आशियाच्या जागा वाढल्या होत्या. क्वार्टर फायनलला पोहोचणारा संघ वर्ल्ड कपपासून एक-दोन मॅचेसच्या अंतरावर असणार होता. भारताचा कुठलाही सीनियर फुटबॉल संघ, पुरुषांचा असो वा महिलांचा, वर्ल्ड कपच्या मैदानावर कधीही उतरलेला नाही. १९५०मध्ये पुरुषांना ब्राझीलला जायची संधी होती, आपण गेलो नाही. त्यानंतर सत्तर वर्षांनी दार थोडंसं किलकिलं झालं होतं, आणि तेसुद्धा नेरूळमध्ये!

२३ जानेवारी, रविवार. मॅच साडेसातची. इराणच्या मॅचआधीच दोन खेळाडू पॉझिटिव्ह निघाल्या होत्या, आता आकडा १२ वर गेला. नियमाप्रमाणे मैदानात उतरायला किमान १३ खेळाडू हव्यात, म्हणजे ११ आणि दोन राखीव. तेवढ्या उरल्याच नाहीत. मॅच सुरू व्हायच्या थोडाच वेळ आधी बातमी आली की मॅच होणार नाही.

मला आधी वाटलं, पुढे ढकलली असेल. त्या दोन वर्षांत सगळंच पुढे ढकललं जात होतं, परीक्षा, लग्नं, अप्रेझल्स. पण एएफसीचा कोविडसाठीचा नियम कडक होता. संघ उतरू शकला नाही तर त्याने स्पर्धेतून माघार घेतली असं समजायचं. आणि माघार घेतली की आधीच्या मॅचेसही रद्दबातल. म्हणजे इराणविरुद्धची ती ०-० पुसली गेली. २०२२च्या आशियाई कपच्या गुणतक्त्यात यजमान भारताच्या नावापुढे काहीच नाही. शून्यसुद्धा नाही.

आपल्याकडे परीक्षेत नापास झालेल्याला निदान मार्कलिस्ट तरी मिळते.

त्यानंतर हॉटेलच्या कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांवरून बरीच चिखलफेक झाली. स्वीडिश कोच थॉमस डेनर्बी चिडले होते, आणि त्यांचं चिडणं साहजिक होतं. हा माणूस २०११च्या वर्ल्ड कपमध्ये स्वीडनला तिसरं स्थान मिळवून देणारा. आशालता देवीच्या कॅप्टनशिपखाली त्याने मुलींना महिनोन्महिने कॅम्पमध्ये घासूनपुसून तयार केलं होतं. त्याआधी नोव्हेंबर २०२१मध्ये संघ थेट ब्राझीलमध्ये मनाऊसला जाऊन ब्राझीलशी खेळून आला होता. १-६ हरले, पण तो एक गोल पंजाबच्या मनीषा कल्याणने मारलेला, ब्राझीलच्या घरात, ब्राझीलविरुद्ध. ही सगळी तयारी एका हॉटेलच्या खोल्यांमध्ये क्वारंटाइन होऊन बसली.

पुढचं ऐका. भारत ज्यांच्याशी खेळणार होता ते चायनीज तैपेई क्वार्टर फायनलला गेले. बालेवाडीत फिलिपिन्सकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरले, आणि फिलिपिन्स वर्ल्ड कपला! मग प्ले-ऑफमध्ये तैपेई व्हिएतनामकडून १-२ हरले, आणि व्हिएतनाम वर्ल्ड कपला! दोन्ही देशांची ती पहिलीच वेळ. भारत त्या जागी असता तर जिंकलाच असता असं मी म्हणत नाही, मुळीच नाही. पण खेळला तरी असता.

६ फेब्रुवारीला फायनल इथेच झाली. कोरिया हाफ टाइमला २-० पुढे, चीनने शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत तीन गोल मारून कप नेला. विजयी गोल इंज्युरी टाइममध्ये. या मैदानावर झालेल्या सर्वोत्तम फुटबॉल मॅचेसपैकी ती एक असावी. महाराष्ट्रात ती कुणीही पाहिली नाही आणि त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही. त्या सकाळी लतादीदी गेल्या होत्या. अख्खं राज्य शिवाजी पार्ककडे डोळे लावून बसलं होतं.

आईच्या पिढीचा संघ

आता मागे जाऊ. बरंच मागे. कारण आपल्या सगळ्यांचा एक गैरसमज असतो की मुलींचं फुटबॉल म्हणजे शाहरुखच्या ‘चक दे’नंतर आणि ‘बेंड इट लाइक बेकहम’नंतर सुरू झालेलं प्रकरण. (‘चक दे’ हॉकीवर आहे हे माहीत आहे, पण मुद्दा कळला ना?)

भारतात महिला फुटबॉलची राष्ट्रीय संघटना १९७५मध्ये उभी राहिली. इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशनने १९२१पासून क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली होती, ती उठून तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षं झाली होती. म्हणजे आपण काही फार मागे नव्हतो राव! बंगालचे जुने खेळाडू सुशील भट्टाचार्य हे मुलींचे पहिले कोच. कोलकात्याच्या मैदानांवरून, केरळमधून, गोव्यातून मुली आल्या. बहुतेकींनी भावांचे बूट घालून सुरुवात केली असणार, हा माझा अंदाज. कारण तेव्हा मुलींच्या मापाचे स्टड्स कुठल्या दुकानात मिळत असतील असं वाटत नाही. आजही वाशीत शोधून बघा, सात दुकानं फिराल.

१९८०च्या सुरुवातीला आशियाई महिला स्पर्धा भारतात झाली, केरळात कालिकतला. संघ कमी पडत होते म्हणून असेल, भारताचे चक्क दोन संघ खेळले, एक ‘साउथ’ आणि एक ‘नॉर्थ’. यातला साउथचा संघ फायनलला गेला आणि २-० हरला. कुणाकडून? चायनीज तैपेई. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१९८१ला हाँगकाँगमध्ये तिसरा नंबर. १९८३ला बँकॉकमध्ये पुन्हा फायनल, पुन्हा हार, यावेळी ०-३, यजमान थायलंडकडून. त्या पिढीची शांती मलिक ही अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू, वर्ष १९८३. तेच वर्ष, ज्या वर्षी कपिलने लॉर्ड्सवर कप उचलला. त्यानंतर पुढची चाळीस वर्षं देशाला १९८३ म्हणजे एकच गोष्ट आठवते. बँकॉकची फायनल हरलेल्या मुलींचं नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकातही शोधून सापडत नाही.

चार वर्षांत तीन आशियाई स्पर्धा, दोन रौप्य, एक कांस्य. आज कुणी हा रेकॉर्ड आणला तर आपण विमानतळावर ढोल घेऊन जाऊ.

खरं तर इथे प्रामाणिक असायला हवं. तेव्हा आशियातले सगळे दादा देश मैदानात उतरलेच नव्हते. चीन यायचा होता, उत्तर कोरिया यायचा होता, जपान नुकतंच सुरुवात करत होतं. पण हेच तर कारण आहे हळहळण्याचं! आपण रेसमध्ये लवकर निघालो होतो. १९८६मध्ये चीनने ही स्पर्धा पहिल्यांदा खेळली आणि पहिल्याच फटक्यात जिंकली. १९९१मध्ये फिफाचा पहिला महिला वर्ल्ड कप भरवला तोही चीननेच. सरकारने ठरवलं, पैसे ओतले, शाळांमधून मुली उचलल्या. आणि आपण? त्याच सुमारास महिलांची संघटना पुरुषांच्या एआयएफएफमध्ये विलीन झाली, आणि विलीन झाली म्हणजे अक्षरशः विरघळली.

आकडा हवाय? १९९८चे बँकॉक एशियन गेम्स, ११ डिसेंबर, चीन विरुद्ध भारत: १६-०. पंधरा वर्षांपूर्वी ज्या शहरात भारत आशियाई फायनल खेळला होता, त्याच शहरात.

जिची गोष्ट सिनेमात शोभेल

या सगळ्या पडझडीत एक मुलगी उभी होती. ओइनाम बेमबेम देवी, इंफाळची. लहानपणी मुलांबरोबर खेळता यावं म्हणून ती ‘बोबो’ आणि ‘आमको’ अशी खोटी, मुलांची नावं सांगायची. पंधराव्या वर्षी, १९९५ला, ती भारताकडून खेळली आणि २०१६ला शिलाँगच्या साउथ एशियन गेम्सचं सोनं घेऊनच थांबली. एकवीस वर्षं! सचिनच्या करिअरशी तुलना करता येईल अशी कारकीर्द, फक्त मधल्या काळात तिला खेळायला मॅचेसच मिळत नव्हत्या. नोकरी मणिपूर पोलिसात. २०१४ला ती मालदीवच्या क्लबकडून खेळायला गेली. अर्जुन पुरस्कार मिळाला २०१७ला, म्हणजे रिटायर झाल्यावर. २०२०ला पद्मश्री.

मणिपूरने मुलींची राष्ट्रीय स्पर्धा वीसहून जास्त वेळा जिंकली आहे. एवढंसं राज्य, लोकसंख्या आपल्या ठाणे जिल्ह्याच्या अर्ध्याहूनही कमी. तिथे मुलीने फुटबॉल खेळणं ही बातमी नसते. आपल्याकडे कोल्हापूरचं उदाहरण बघा. शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचला जी गर्दी लोटते, पाटाकडील आणि खंडोबाच्या पोरांसाठी पेठा पेठांमध्ये जी ईर्षा पेटते, ते वेड महाराष्ट्रात फुटबॉल नाही म्हणणाऱ्यांनी एकदा जाऊन बघावंच. २०१७च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. पण ते वेड पोरांचं. तालमीच्या वरच्या मजल्यावर मुलींच्या जर्सी वाळत घातलेल्या दिसायला अजून वेळ लागेल.

२००९ मध्ये तर कहर झाला. दीड वर्षाहून जास्त काळ एकही मॅच खेळली नाही म्हणून फिफाने भारतीय महिला संघाला रँकिंगमधून बाहेर काढलं. संघ हरल्यामुळे नव्हे, न खेळल्यामुळे. ज्यांनी मॅचेस ठरवायच्या त्यांनी त्या ठरवल्याच नाहीत. तेव्हा आपण सगळे आयपीएलच्या दुसऱ्या सीझनची चर्चा करत होतो.

मग २०१०पासून सॅफ स्पर्धा सुरू झाली आणि संघ पुन्हा दिसायला लागला. कॉक्स बाझार, कोलंबो, इस्लामाबाद, सिलिगुडी, बिराटनगर... सलग पाच वेळा भारत दक्षिण आशियाचा विजेता. नेपाळला फायनलमध्ये चार वेळा हरवलं, त्यातली इस्लामाबादची फायनल ६-०. गल्लीतला दादा म्हणा हवं तर. ती दादागिरीही २०२२ला संपली. नेपाळने सेमी फायनलमध्ये हरवलं आणि कप बांगलादेशने नेला. २०२४ला पुन्हा तसंच.

दरम्यान काही मुलींनी स्वतःचे रस्ते शोधले. गोलकीपर अदिती चौहान २०१५ला इंग्लंडमध्ये शिकता शिकता वेस्ट हॅमच्या महिला संघात शिरली. बाला देवी २०२०ला स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, परदेशी क्लबशी व्यावसायिक करार करणारी पहिली भारतीय महिला. ब्राझीलला गोल मारणारी मनीषा २०२२ला सायप्रसच्या अपोलॉनकडून चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. हे आपल्या मित्रमंडळींपैकी कुणी ऑनसाइट गेलं की आपण जेवढं कौतुक करतो, तेवढं तरी व्हायला हवं होतं.

पॅकेज किती?

आता जो प्रश्न आपण कुणालाही तिसऱ्या मिनिटाला विचारतो, तो इथेही विचारू. पैसे किती मिळतात?

भारतात महिलांची राष्ट्रीय लीग, आयडब्ल्यूएल, सुरू झाली २०१६-१७च्या सीझनमध्ये. मुंबईची केंकरे आणि पुण्याची एफसी पुणे सिटी याही त्यात खेळल्या आहेत. सुरुवातीला ही लीग म्हणजे काही आठवड्यांचा खेळ, एकाच गावात सगळ्या मॅचेस, संपलं. ज्यांना रेल्वे, पोलीस किंवा सशस्त्र सीमा बलाची नोकरी मिळाली त्या तरल्या. बाकीच्या वर्षातले नऊ-दहा महिने काय करायच्या हे विचारू नका.

२०२३ला एआयएफएफने ठरवलं की वरच्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी तरी वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार करायचा. महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या आसपास. तुम्ही माइंडस्पेसमध्ये फ्रेशर म्हणून चिकटलात तेव्हाचं पॅकेज आठवा. हा आकडा आहे देशातल्या वरच्या लीगमधल्या खेळाडूचा, जिचं करिअर पस्तिशीच्या आत संपणार आहे आणि जिचा गुडघा गेला की अप्रेझलच नाही. आणि हा आकडा ठरला तेव्हा ही मोठी सुधारणा होती!

शेजारी क्रिकेट ठेवून बघा. मुलींच्या क्रिकेटची संघटना १९७३ची, फुटबॉलच्या फक्त दोन वर्षं आधीची. ती बीसीसीआयमध्ये गेली २००६ला, म्हणजे फुटबॉलपेक्षा पंधरा-एक वर्षं उशिरा. ऑक्टोबर २०२२मध्ये बीसीसीआयने मुलींची मॅच फी पुरुषांइतकी केली. एका वन-डेचे ६ लाख. एका वन-डेत फुटबॉलपटूच्या जवळपास दोन वर्षांचा किमान पगार. वर्ल्ड कप जिंकल्यावर नेरूळच्या त्या संघाला ५१ कोटींचं बक्षीस जाहीर झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये फुटबॉलच्या मुलींनी जे केलं (सांगते, थांबा) त्यासाठी ५० हजार डॉलर जाहीर झाले, म्हणजे ४० लाखांच्या थोडं वर. तेही अख्ख्या संघाला मिळून.

क्रिकेटच्या मुलींना मिळालं ते जास्त आहे असं कुणी म्हणू नये. त्यांनाही सेकंड क्लासच्या डब्यातून, जनरल तिकिटावर प्रवास करायचे दिवस काढावे लागलेत. पण पैसा आल्यावर वीस वर्षांत काय होतं ते आपण २ नोव्हेंबरला गालावर तिरंगा काढून पाहिलं.

ऑगस्ट ते ऑक्टोबर

२०२२ साल अजून संपलं नव्हतं. ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय फेडरेशनलाच निलंबित केलं, कारभारात बाहेरचा हस्तक्षेप झाला म्हणून. पंधरा ऑगस्टच्या रात्री! केरळच्या गोकुलमच्या मुली तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. बॅगा उघडायच्या आत कळलं की तुम्ही खेळू शकत नाही. पुन्हा तेच. चूक कुणाची, घरी कोण बसलं!

दहा-अकरा दिवसांनी निलंबन उठलं आणि ऑक्टोबरमध्ये मुलींचा अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात झाला. यजमान म्हणून आपला संघ भुवनेश्वरला खेळला: अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. एकही गोल नाही. पण त्या मुली मैदानात उतरल्या आणि त्यांच्या हरण्याची नोंद झाली. जानेवारीनंतर मला तेही बरं वाटलं.

फायनल ३० ऑक्टोबरला, अर्थात नेरूळला. स्पेन १, कोलंबिया ०. यावेळी प्रेक्षक होते. मी होते. माझ्या पुढच्या रांगेत दहा-बारा वर्षांच्या मुलींची एक अख्खी टीम बसली होती, कुठल्याशा अकादमीच्या टी-शर्टमध्ये, आणि त्या कोलंबियाच्या लिंडा कैसेदोच्या प्रत्येक टचला किंचाळत होत्या. कोच बिचारा ‘बसा, बसा’ म्हणून दमला. बाहेर पडताना त्यातली एक दुसरीला विचारत होती, “आपली टीम कुठंय?”

चियांग माई

५ जुलै २०२५, शनिवार. थायलंडमधलं चियांग माई. २०२६च्या आशियाई कपची पात्रता फेरी. यावेळी यजमानपदाचं फुकट तिकीट नव्हतं, खेळूनच जायचं होतं. कोच क्रिस्पिन छेत्री, कॅप्टन स्वीटी देवी. मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-०. पण हे सगळे पेपर सोपे. खरा पेपर शेवटचा: थायलंड, त्यांच्याच घरात. जो जिंकेल तो ऑस्ट्रेलियाला. २०१५ आणि २०१९चे वर्ल्ड कप खेळलेला हा देश. आणि हो, १९८३च्या फायनलमध्ये आपल्याला हरवणारा.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला संगीता बासफोरने लांबून शॉट मारला, गोल. संगीता बंगालमधल्या कल्याणीची, सशस्त्र सीमा बलात नोकरी. सेकंड हाफ सुरू होताच थायलंडची बरोबरी. घरचा संघ, घरचे प्रेक्षक, आता आपल्या सवयीप्रमाणे आपण ढेपाळणार असं मला वाटलं. मी चहा टाकायला उठलेसुद्धा. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला पुन्हा संगीता. २-१. उरलेली सोळा मिनिटं आणि वरची काही मिनिटं या मुली जिवाच्या आकांताने बॉल बाहेर फेकत राहिल्या. चहा उतू गेला.

महिला संघ पात्रता फेरी जिंकून आशियाई कपला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढच्या काही महिन्यांत अंडर-२० आणि अंडर-१७च्या मुलीही आपापल्या आशियाई स्पर्धांना पात्र ठरल्या. योगायोग असा की त्याच ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ हरून पुरुषांचा संघ २०२७च्या आशियाई कपच्या शर्यतीतून बाद झाला. १९५१ आणि १९६२चं एशियाड सोनं, १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकचा चौथा नंबर, आपल्या नेव्हिल डिसूझाची ऑस्ट्रेलियाविरुद्धची हॅटट्रिक, हे सगळं ज्यांच्या खात्यात आहे तो संघ.

चियांग माईनंतर चार दिवसांनी मी ऑफिसला गेलेल्या मित्रमैत्रिणींना एक छोटी टेस्ट दिली. आठ जणांना विचारलं, संगीता बासफोर कोण? दोघांनी ‘सिंगर’ सांगितलं. एकाने ‘नवी एचआर का?’ असं विचारलं. एकीने बरोबर सांगितलं, ती इंफाळची निघाली.

२९ जुलैला, मंगळवारी, सिडनीत २०२६च्या आशियाई कपचा ड्रॉ निघाला. मी सीवूड्सच्या फूड कोर्टमध्ये लॅपटॉप उघडून बसले होते, डेडलाइन दुसऱ्याच कुठल्या लेखाची होती. भारत ‘क’ गटात पडला. पहिलं नाव जपान. दुसरं व्हिएतनाम, ज्यांनी २०२२मध्ये वर्ल्ड कपचं तिकीट मिळवलं ते. आणि गटातलं तिसरं नाव...

चायनीज तैपेई.